डूकी (अल्बम)

डूकी : ग्रीन डे या अमेरिकन बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम. १ फेब्रुवारी १९९४ रोजी रिप्रीज रेकॉर्ड्सने काढला. त्यात चौदा गाणी आणि शेवटी ढोलकिया ट्रे कूलने गायलेले एक लपवलेले गाणे असून एकूण लांबी सुमारे ३९ मिनिटे आहे. पॉप-पंक म्हणजे पंकचा वेग व आवाज आणि त्यावर सहज गुणगुणता येईल अशी चाल. हा प्रकार या अल्बमने अमेरिकेच्या घराघरांत नेला. नावाचा अर्थ ‘शी’, अगदी लहान मुले म्हणतात तसा.

बिली जो आर्मस्ट्राँग (गिटार, गायन), माइक डर्न्ट (बेस) आणि ट्रे कूल (ड्रम) या तिघांचा बँड कॅलिफोर्नियातील ईस्ट बे भागातला. बर्कलीतील ‘९२४ गिलमन स्ट्रीट’ हा त्यांचा अड्डा. स्वयंसेवकांनी चालवलेल्या या क्लबात कोणत्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश होता, पण बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मंच मिळत नसे. ‘लुकआउट’ या छोट्या स्थानिक लेबलवर बँडचे पहिले दोन अल्बम निघाले आणि दुसरा, ‘करप्लंक’, हजारोंनी खपल्यावर मोठ्या कंपन्या मागे लागल्या. रिप्रीजचे रॉब कॅव्हॅलो त्यांच्यासोबत बीटल्सची गाणी वाजवत बसले आणि निर्मितीचे काम त्यांच्याकडे आले. करार झाला आणि गिलमनचे दार बंद झाले.

ध्वनिमुद्रण १९९३ मध्ये बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत सुमारे तीन आठवड्यांत उरकले. हा वेग घाईचा नव्हता. गाणी आधीच बसलेली होती, कार्यक्रमांत घासूनपुसून घेतलेली. ‘वेलकम टू पॅराडाइज’ तर ‘करप्लंक’मधलेच, इथे नव्याने वाजवलेले. सोळा-सतरा गाण्यांचे गायन आर्मस्ट्राँगने दोन दिवसांत केले, बहुतेक एकाच टेकमध्ये.

पहिले मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्ये व गायन एकत्र बसवण्याचे काम, मात्र फसले. बँडला हवा होता कोरडा आवाज : खोलीची घुमारी नको, प्रत्येक आघात कानाशी. पहिला मिक्स तसा नव्हता. कॅव्हॅलोंनाही ते पटले आणि जेरी फिन यांच्या साथीने सगळे पुन्हा मिक्स झाले. या अल्बमच्या यशात सर्वांत मोठा वाटा याच फेरकामाचा, असे म्हणायला हरकत नाही. कारण साधे आहे. ‘बास्केट केस’ची लय मिनिटाला सुमारे १७० ठोके. गिटारचा हात त्याच्या दुप्पट चालतो, म्हणजे दोन आघातांत जेमतेम ०.१८ सेकंदाचे अंतर. त्यावर दीड सेकंद रेंगाळणारा रिव्हर्ब, म्हणजे घुमारी, चढवला की एका आघाताची शेपटी पुढच्या सात-आठ आघातांवर पडते आणि सगळ्याचा चिखल होतो.

गिटारचा पाया ‘पॉवर कॉर्ड’ हा आहे. त्यात सा आणि प एवढेच स्वर, फार तर वरचा सा. गंधार वगळण्याला कारण आहे : विकृत केलेल्या, म्हणजे डिस्टॉर्शन दिलेल्या, आवाजात गंधार मिसळला की स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच सूर उमटतात आणि कॉर्ड खरखरते. सा-प मात्र कितीही डिस्टॉर्शनमध्ये ठाम उभे राहतात. तोटा हा की मेजर-मायनरचा रंग गिटारमधून जातो. तो भरून काढतात गायकाची चाल आणि डर्न्टचा बेस. इथे बेस केवळ सा धरून बसत नाही, दोन कॉर्डमधली वाट स्वतंत्र फिरतीने भरतो. ‘लाँगव्ह्यू’त तर कडव्याभर गिटार गप्प असते, डर्न्टची लवचीक बेसओळ आणि कूलचा टॉम या ड्रमवरचा झोकदार ठेका एवढ्यावरच गायन चालते आणि ध्रुवपदाला गिटार भिंतीसारखी कोसळते.

आर्मस्ट्राँगची निळी फर्नांडेस गिटार ही स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारची नक्कल, पुलापाशी हंबकर पिकअप (तारांचे कंपन टिपणारे दोन वेटोळ्यांचे चुंबकीय साधन) बसवलेली. अँप (गिटारचा ध्वनिवर्धक) मार्शल प्लेक्सी धर्तीचा, गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत नेणारी वाढ, आणखी मिळावी म्हणून आतून फेरफार केलेला. या जोडणीची कीर्ती एवढी की पुढे एमएक्सआर कंपनीने ‘डूकी ड्राइव्ह’ नावाचे पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) काढले. त्यावरचे ‘ब्लेंड’ बटण दोन अँपचे आवाज हवे त्या प्रमाणात मिसळते, एक भरपूर गेनचा आणि एक त्याहून स्वच्छ. घरी नक्कल करणारे हमखास इथेच चुकतात : सगळा गेन एकाच अँपमध्ये ओततात. मग हाताची कड ठेवून दाबलेल्या तारांचा ‘चक-चक’ ठसा बुजतो. गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायची, तर प्रत्येक टेकला गेन कमीच पुरतो. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर आवाज नुसता मोठा होतो, रुंद होत नाही. आणखी एक : बहुतेक गाण्यांत तारा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत, त्यामुळे नेहमीच्या सुरात लावलेल्या गिटारवर अल्बमसोबत वाजवू पाहणारा बेसूर ठरतो.

रिची बुचर यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर बर्कलीच्या टेलिग्राफ अव्हेन्यूवर बॉम्ब पडताहेत आणि गर्दीत ईस्ट बेमधली ओळखीची माणसे पेरलेली आहेत. मागच्या बाजूच्या गर्दीत ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेतला बाहुला अर्नी होता, नंतरच्या आवृत्त्यांतून तो पुसला गेला.

स्वागत दोन तोंडी झाले. ‘लाँगव्ह्यू’, ‘बास्केट केस’ आणि ‘व्हेन आय कम अराउंड’ ही तिन्ही बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि अल्बम मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. १४ ऑगस्ट १९९४ रोजी वुडस्टॉक महोत्सवात बँड आणि श्रोते यांच्यात चिखलफेक झाली. गोंधळात डर्न्टला चाहता समजून सुरक्षारक्षकाने आडवे केले आणि त्याचे दात तुटले. ९ सप्टेंबरला बॉस्टनच्या हॅच शेलवरचा फुकट कार्यक्रम सुमारे ७० हजारांच्या गर्दीमुळे काही गाण्यांतच आवरावा लागला. १९९५ मध्ये सर्वोत्कृष्ट ऑल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले. जुन्या पंकवाल्यांचा आक्षेप मात्र कायम होता : हे विकले गेले, आणि आवाज फारच स्वच्छ आहे. पहिला आक्षेप कराराचा. दुसरा तेवढा टिकत नाही, कारण स्वच्छता कंपनीने लादलेली नव्हती, बँडनेच हट्टाने मागून घेतली होती. गिलमनच्या मंचावर बँड पुन्हा उभा राहिला तो २०१५ मध्ये, मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी.

अमेरिकेत १९९९ मध्ये एक कोटी आणि २०२४ मध्ये दोन कोटी प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश झाला. त्याच ऑक्टोबरात ‘डूकी डीमास्टर्ड’ निघाला : तीच गाणी मुद्दाम खराब आवाजाच्या, कालबाह्य माध्यमांवर. ‘वेलकम टू पॅराडाइज’ गेमबॉयच्या कार्ट्रिजवर, ‘बास्केट केस’ भिंतीवर लटकणाऱ्या गाणाऱ्या प्लॅस्टिक माशात आणि ‘पुलिंग टीथ’, म्हणजे दात उपटणे, टूथब्रशमध्ये.