घरातलं मेश वायफाय

घरातलं मेश वायफाय म्हणजे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं वायफाय घरभर पोचावं म्हणून दोन-तीन किंवा जास्त डबे एकमेकांशी जोडून केलेली मांडणी. यातला एक डबा इंटरनेटच्या लाइनला लावतात, तो मुख्य नोड, आणि बाकीचे इकडेतिकडे खोल्यांत ठेवतात, त्यांना नोड किंवा सॅटेलाइट म्हणतात. फोन हातात घेऊन हॉलमधून आतल्या बेडरूममध्ये गेलं की फोन मागचा डबा सोडून जवळचा धरतो आणि चालू कॉल तुटत नाही, निदान तुटू नये अशी अपेक्षा असते. दुकानात आणि ऑनलाइन हे दोनाच्या नाहीतर तीनाच्या पॅकमध्ये मिळतं, बॉक्सवर स्पीडचा मोठा आकडा असतो आणि लोक तोच बघून घेतात. खरं काम मात्र त्या आकड्यावर फारसं ठरत नाही, डबे कुठे ठेवलेत आणि त्यांच्यामध्ये वायर आहे का यावर ठरतं.

याआधी लोक एक्स्टेंडर लावायचे, अजूनही लावतात. प्लगमध्ये खोचायचा तो छोटा डबा राउटरचा सिग्नल पकडून पुढे टाकतो, पण बऱ्याचदा वेगळ्या नावाने, म्हणजे नावाच्या शेवटी ईएक्सटी लावून, त्यामुळे घरात दोन वायफाय दिसतात आणि फोन हट्टाने लांबचंच धरून बसतो. मेशमध्ये सगळे डबे एकाच ॲपमधून चालतात, नाव आणि पासवर्ड एकदाच सांगायचा, आणि कुठला फोन कुठल्या डब्यावर आहे हे डबे एकमेकांना कळवत असतात.

कल्पना घरासाठी नव्हतीच मुळात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत एमआयटीमध्ये रूफनेट नावाचा प्रयोग झाला, घरांच्या छपरांवर अँटेना लावून एकाकडून दुसऱ्याकडे इंटरनेट पोचवायचं, त्यातून २००६ मध्ये मेराकी ही कंपनी निघाली जी पुढे २०१२ मध्ये नेटवर्कची उपकरणं करणाऱ्या सिस्कोने विकत घेतली. शाळेतल्या पोरांसाठीच्या त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्येही मेश होतं, लॅपटॉपच एकमेकांना जोडले जायचे, आणि त्याचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत झाला होता. मेशचं अधिकृत मानक, ८०२.११एस, २०११ मध्ये आलं. घरगुती वापराचे देखणे पांढरे डबे मात्र २०१६ मध्ये आले, आधी ईरो, मग त्याच वर्षी नेटगिअर ऑर्बी आणि गूगल वायफाय, पुढच्या वर्षी लिंक्सिस व्हेलॉप आणि टीपी-लिंक डेको. ईरो २०१९ मध्ये अमेझॉनने विकत घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालावेत म्हणून वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये इझीमेश हे प्रमाणपत्र आणलं, पण व्यवहारात अजून एका कंपनीचेच सगळे डबे घेणं शहाणपणाचं.

आपल्या घरांत याची गरज का पडते

अमेरिकेतली घरं बरीचशी लाकडाची आणि जिप्सम बोर्डच्या पातळ भिंतींची, तिथे एकेक नोड लांबलांब ठेवला तरी चालतो, आणि बॉक्सवर 'इतके हजार स्क्वेअर फूट' असं जे लिहिलेलं असतं ते मोकळी जागा नाहीतर तशी घरं धरून. आपल्याकडे नऊ इंची विटेची भिंत, आरसीसीचा स्लॅब, कोकणात जांभ्याची जाडजूड भिंत. ओटीवर राउटर आणि माजघर ओलांडून मागच्या खोलीत बसून कोणी ऑफिसचं काम करतंय, तर मध्ये जांभ्याच्या दोन भिंती येतात आणि वायफायच्या दोन मुख्य बँडपैकी, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांपैकी, वेगवान असलेल्या ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथेच संपतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंती जास्त पार करतं, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल, म्हणजे बँडमधल्या वेगवेगळ्या लेन, तीनच, १, ६ आणि ११, आणि मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर पंचवीस-तीस नावं दिसतात, ती सगळी याच तीन चॅनलवर कोंबलेली. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आहे, सरकारने २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ लायसन्समुक्त केली, पण ते भिंतीला घाबरतं.

त्यात फायबर लावायला आलेला माणूस डबा बसवतो तो त्याला ड्रिल मारायला सोपं पडेल तिथे, म्हणजे मुख्य दाराच्या वर, मीटर बोर्डाशेजारी किंवा चपलांच्या रॅकवर, घराच्या एका टोकाला. अर्धा सिग्नल जिन्यात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, भरलेली पाण्याची टाकी, फ्रीज, यांच्या मागे सिग्नलची सावली पडते. टीव्ही युनिटच्या मागे डबा लपवणं ही तर सार्वत्रिक सवय आहे, दिसायला नीट दिसतं एवढाच फायदा.

वन बीएचकेला मेश लागत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. तिथे राउटर मधल्या भिंतीवर उंचावर आणला की काम होतं, चांगली लांब फायबर पॅचकॉर्ड (डब्याला लागणारी तयार फायबर वायर) मागून घ्यायची. मेश खरी कामाला येते ती मोठ्या लांबट थ्री बीएचकेत, ग्राउंड प्लस वन रो हाउसमध्ये, बंगल्यात आणि गावच्या घरात.

बॅकहॉल

दोन डबे एकमेकांशी ज्या रस्त्याने बोलतात त्याला बॅकहॉल म्हणतात आणि सगळी मेख इथे आहे. वायर नसेल तर हे बोलणं वायफायवरूनच होतं. डबा दोन बँडचा असेल तर त्याच ५ गिगाहर्ट्झवर फोनशीही बोलायचं आणि मुख्य नोडशीही, म्हणजे एकच माणूस पलीकडचं ऐकून घेणार आणि मग वळून इकडे सांगणार, दोन्ही एका वेळी नाही. म्हणून दर टप्प्याला स्पीड साधारण अर्धा होतो. बॉक्सवरचं एसी१२०० म्हणजे ३०० आणि ८६७ ची बेरीज करून गोल केलेला आकडा, तोही कागदावरचा, त्यातून एक टप्पा ओलांडून आतल्या खोलीत दीड-दोनशे एमबीपीएस मिळाले तरी ठीकच म्हणायचं. ट्राय-बँड सेटमध्ये तिसरा रेडिओ असतो जो मुख्यतः बॅकहॉलसाठी वापरतात, तिथे फरक जाणवतो, किंमतही जाणवते. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या सेटमध्ये तिसरा बँड ६ गिगाहर्ट्झचा असू शकतो, आपल्याकडे त्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, मोकळा करायचा नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला, त्यामुळे तिकडचा सेट घेण्याआधी आत्ता नियम काय आहे हे बघून घ्यावं.

आणि वायर टाकता येत असेल तर वरचं सगळं विसरा. नेटवर्कची (लॅन) कॅट५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात नेते, कॅट६ घेतली तर उत्तमच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत केबल स्वस्त मिळते पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही ना हे विचारायचं, ती वाकवली की तुटते. घराचं रंगकाम किंवा रिनोव्हेशन चालू असेल तर प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवायला सांगा, विजेच्या वायरीच्या पाइपातून लॅन केबल नको. इलेक्ट्रिशियन लोकांची एक जुनी सवय असते, केबलच्या आठातल्या चारच तारा क्रिम्प करायच्या, म्हणजे टोकाच्या पिनेत दाबून बसवायच्या, बाकीच्या चार इंटरकॉमला वापरायच्या. नेट चालतं, तक्रार करायला जागा नाही, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही कारण गिगाबिटला आठही तारा लागतात. स्पीड टेस्टमध्ये सारखे ९३-९४ दिसत असतील तर पहिला संशय इथे घ्यायचा, दुसरा संशय डब्याच्या पोर्टवर, कारण स्वस्त सेटमध्ये पोर्टच १०० चे असतात.

लावायचं कसं

ॲप फोनवर घ्यायचं, मुख्य नोड इंटरनेट कंपनीच्या डब्याला लॅन केबलने जोडायचा, ॲपमध्ये नाव-पासवर्ड टाकायचा, दुसरा नोड आधी मुख्य नोडच्या शेजारीच चालू करून जोडून घ्यायचा आणि मग त्याच्या जागी न्यायचा. इतपत कोणीही करतो.

जागा ठरवताना हमखास होणारी गल्लत अशी की जिथे सिग्नल येत नाही त्या खोलीत नेऊन नोड ठेवायचा. तिथे त्यालाही सिग्नल येत नाही. नोड अर्ध्या वाटेवर हवा, म्हणजे पॅसेजमध्ये, जिन्याच्या वळणावर, दारातून दिसेल असा, टेबलाच्या उंचीवर किंवा वर. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप टाकून त्या जागी उभं राहून सिग्नलचा डीबीएममधला आकडा बघायचा, उणे ५० च्या आसपास म्हणजे मस्त, उणे ६५ पर्यंत नोड ठेवायला चालतं, उणे ७० च्या खाली गेलं तर जागा बदला. दहाचा फरक म्हणजे ताकद एकदशांश, त्यामुळे ६० आणि ७० मधलं अंतर दिसतं तेवढं लहान नाही. तीन नोड असतील तर मुख्य डबा मध्ये आणि बाकीचे दोन दोन बाजूंना, एकामागे एक अशी रांग शक्यतो टाळायची.

मग येतो डबल नॅटचा घोळ. नॅट म्हणजे घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवायचं राउटरचं काम. फायबर कंपनीचा डबा स्वतःच राउटर असतो, त्याच्यामागे मेशही राउटर झाली की दोन राउटर एकामागे एक. नेट चालतं म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही, पण गेमिंग, घरचा कॅमेरा बाहेरून बघणं, काही ऑफिसांचे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी), इथे अडतं. ॲपमध्ये इंटरनेटचा आयपी, म्हणजे पत्त्याचा आकडा, १९२.१६८ ने सुरू होत असेल तर हेच झालंय. उपाय दोन, मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं म्हणजे ती फक्त वायफाय देते, किंवा कंपनीला फोन करून त्यांचा डबा ब्रिज मोडवर करून घ्यायचा म्हणजे तो राउटरचं काम सोडतो, आणि लोकल केबलवाल्याची पीपीपीओई (लॉगिन करून चालणारी) लाइन असेल तर यूजरनेम-पासवर्ड मागून तो मेशमध्ये टाकायचा. आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर ते कंपनीने वरच केलेलं सीजीनॅट, म्हणजे अनेक ग्राहकांचं एकत्र नॅट, आहे, घरात काही करून ते जात नाही. काहीही केलं तरी कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायचं. ते चालू राहिलं तर जुने फोन आणि टीव्ही त्यालाच चिकटून बसतात आणि शिव्या मेशला बसतात.

फोन एका नोडवरून दुसऱ्यावर जातो तो निर्णय फोनचा असतो, नोड फक्त सुचवतो. त्यासाठीची मानकं ८०२.११के, व्ही आणि आर, नवे फोन ती मानतात, जुने लॅपटॉप आणि प्रिंटर मानत नाहीत. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक २.४ वरच चालतात, जोडताना ॲपमधून ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करता येत असेल तर करा किंवा त्यांच्यासाठी वेगळं आयओटी (स्मार्ट वस्तूंचं) नेटवर्क करा. वायफायच्या सुरक्षेचं नवं मानक डब्ल्यूपीए३ चालू केल्यावर जुनी एखादी वस्तू जोडलीच जात नसेल तर डब्ल्यूपीए२-३ मिश्र ठेवायचं.

वीज गेली की मुख्य डबा इन्व्हर्टरवर असतो, वरच्या मजल्यावरचा नोड नसतो, मग लाइट जाताच वरच्यांचा कॉल तुटतो. राउटरसाठीचे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस मिळतात, प्रत्येक नोडला एक लावायचं, मात्र नोडच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि ॲम्पिअर आधी वाचायचा कारण काही नोड ९ व्होल्टचे आणि काही थेट यूएसबी-सीवर चालणारे असतात. मुख्य घरातून गोठ्याकडे किंवा आउटहाउसकडे उघड्यावरून लॅन केबल नेली असेल तर पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्ही टोकांची पोर्ट उडू शकतात, तिथे फायबर टाकून दोन्हीकडे फायबर आणि लॅन केबल जोडून देणारा मीडिया कन्व्हर्टर लावतात, काचेतून करंट जात नाही.