ध्रुवीय हवेचे तापमान : उपग्रहावरून अनुमान

ध्रुव प्रदेशांतील जमिनीलगतच्या हवेचे तापमान उपग्रहाने टिपलेल्या किरणोत्सर्गावरून ठरवण्याची पद्धत. बर्फाचा पृष्ठभाग किंवा हवेचा जाड थर जो किरणोत्सर्ग बाहेर टाकतो, तेवढाच उपग्रहापर्यंत पोहोचतो. त्यावरून दोन मीटर उंचीवरच्या हवेचे तापमान गणिताने काढावे लागते. या पद्धतीची सगळी ताकद आणि सगळी अडचण याच टप्प्यात आहे.

गरज उघड आहे. अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १.४ कोटी चौ. किमी., म्हणजे विदर्भाच्या १४० पटींहून अधिक. बारमाही केंद्रे मात्र बहुतेक किनाऱ्यालगत आहेत. आतल्या पठारावर दीर्घकाळच्या नोंदी असलेली ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांतली दक्षिण ध्रुवावरचे अमुंडसेन-स्कॉट आणि रशियाचे व्होस्टोक ही दोन आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (अनेक देशांनी मिळून पृथ्वीची निरीक्षणे घेण्याच्या मोहिमेच्या) निमित्ताने १९५७ च्या सुमारास उभी राहिली. उत्तरेकडे तर ध्रुवाखाली जमीनच नाही. तिथे बर्फावर ठेवलेले स्वयंचलित बोये (नोंदी घेणारी यंत्रे) बर्फाबरोबर वाहत जातात, त्यामुळे एकाच जागेची सलग नोंद मिळत नाही.

पृष्ठभाग आणि हवा. टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरील 'मोडिस' संवेदक १० ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातले अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे) किरण टिपतो. या पट्ट्यात वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असते. जवळजवळच्या दोन तरंगलांबींतल्या फरकावरून वाफेचा परिणाम वजा केला की सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनाचे तापमान हाती येते. बर्फाची उत्सर्जनक्षमता (त्या तापमानाला जास्तीत जास्त शक्य किरणोत्सर्गापैकी प्रत्यक्ष किती बाहेर पडतो, ते प्रमाण) एकच्या अगदी जवळ असल्याने हा भाग ध्रुवांवर तुलनेने सोपा जातो. पण हे तापमान बर्फाच्या वरच्या पातळ कातडीचे असते. हवामान खाते ज्याला तापमान म्हणते ते पांढऱ्या झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीत, सावलीत, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर घेतलेले असते.

हा फरक विदर्भातल्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नवतप्यात पेटीतला पारा ४५-४६ अंशांवर असतो, तेव्हा नांगरून पडलेल्या काळ्या वावरात अनवाणी पाऊल टेकवत नाही, कारण कोरड्या मातीचा वरचा थर त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये सेंटिनेल-३ उपग्रहाच्या नकाशात अहमदाबादजवळची जमीन ६५ अंशांच्या आसपास दिसली. तो आकडा हवेचे तापमान म्हणून समाजमाध्यमांवर फिरला आणि युरोपीय अवकाश संस्थेला खुलासा करावा लागला. दरवर्षी उन्हाळ्यात असे रंगीत नकाशे गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत येतात. त्यांतला लाल रंग जमिनीचा आहे की हवेचा, हे आधी विचारायला हवे.

ध्रुवावर हे नाते उलटे होते, आणि त्याचाही अनुभव विदर्भात आहे. पौषातल्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर वर न जाता घरांच्या कवेलूंच्या थोडा वर आडवा पसरतो आणि तिथेच राहतो. रात्रभर जमीन उष्णता बाहेर टाकत थंड होते, तिला लागून असलेली हवाही गारठते, वरची हवा मात्र उबदार राहते. याला तापमानाची विपरितता म्हणतात. आपल्याकडे सूर्य दोन कासरे वर आला की ती मोडते. अंटार्क्टिकाच्या पठारावर महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, हवा अत्यंत कोरडी असते आणि उष्णतेची गळती चालूच राहते. त्यामुळे हिवाळ्यात बर्फ आणि काही शे मीटर वरची हवा यांत सरासरी २० अंशांच्या आसपास फरक पडतो. वारा सुटला की थर मिसळतात आणि फरक घटतो. म्हणून बर्फाच्या तापमानात एक ठरावीक आकडा मिळवला की हवेचे तापमान मिळाले, असे चालत नाही. वाऱ्याचा वेग, ऋतू, उतार, उंची हे सगळे हिशेबात धरावे लागते. ते नाते बांधायला जमिनीवरच्या केंद्रांच्या नोंदीच लागतात, आणि त्याच तर कमी आहेत.

पृथ्वीवरील सर्वांत थंड जागेचा शोध हे याचे चांगले उदाहरण. पेटीतल्या तापमापकाने नोंदवलेला नीचांक व्होस्टोक येथील उणे ८९.२ अंश सेल्सिअस (२१ जुलै १९८३). उपग्रहीय नोंदी चाळताना अंटार्क्टिक पठारावरच्या डोम अर्गस आणि डोम फुजी या बर्फाच्या उंचवट्यांमधल्या कण्याजवळच्या उथळ खोलगटांत याहून कमी आकडे आढळले. २०१३ मध्ये उणे ९३ अंशांच्या आसपासचा आकडा जाहीर झाला. कोरड्या हवेचा परिणाम नव्याने हिशेबात धरल्यावर २०१८ मध्ये तोच उणे ९८ झाला. संशोधकांनी त्याच वेळी स्पष्ट केले, की हे बर्फाचे तापमान आहे आणि तिथल्या हवेचे उणे ९४ च्या आसपास असावे. अशा खोलगटात थंड, जड हवा उतारावरून येऊन साचते. तिथे आजही कोणाचा तापमापक नाही, म्हणून अधिकृत नीचांक व्होस्टोकच्याच नावावर आहे. तो तसाच राहावा हे योग्य आहे.

ढगांची अडचण. अवरक्त किरण ढगांतून पार होत नाहीत. ढग असले की संवेदकाला ढगाचा माथा दिसतो, म्हणून तशा वेळच्या नोंदी गाळाव्या लागतात. बर्फावर ते गाळणेच कठीण. ढगही पांढरा आणि बर्फही, दोघेही थंड. कित्येकदा विपरिततेमुळे ढग बर्फापेक्षा उबदारच असतो. १.६ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बर्फ काळपट आणि पाण्याचे ढग उजळ दिसतात, पण त्याला सूर्यप्रकाश लागतो आणि ध्रुवीय रात्रीत तो नसतो. ढगाळ दिवस गाळून उरलेल्या नोंदींची सरासरी वस्तुस्थितीपेक्षा थंड येते, हा यातला सर्वांत चिवट दोष आहे. आभाळ राहिले त्या रात्री गारठा कमी असतो, हे हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीच्या लाइनीवर वावरात जाणाऱ्याला चांगले ठाऊक असते. ध्रुवीय हिवाळ्यातही ढग उष्णता अडवतात. नेमक्या त्याच उबदार रात्री उपग्रहाच्या सरासरीतून वगळल्या जातात.

सूक्ष्मतरंग. हवेतला ऑक्सिजन ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जे सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) सोडतो, ते बहुतेक ढगांतून पार येतात. १९७८ च्या अखेरीपासून त्यांची सलग नोंद आहे. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सविल शाखेची आणि 'रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स' या संस्थेची तापमान मालिका त्यावरच बेतलेली आहे. पण हे तापमान काही किलोमीटर जाडीच्या थराचे असते, आणि विपरितता असलेल्या प्रदेशात वरच्या थरावरून तळाचा अंदाज करणे जोखमीचे. तीन किलोमीटर उंचीच्या अंटार्क्टिक पठारावर तर हवेबरोबर खालच्या बर्फाचा संदेशही त्यात मिसळतो.

तरीही याचा एक मोठा उपयोग झाला. ब्रिटनच्या हॅडक्रट-४ या जागतिक तापमान मालिकेत आर्क्टिकचा बराच भाग रिकामा होता. केव्हिन काउटन आणि रॉबर्ट वे यांनी उपग्रहीय मालिकेचा आधार घेऊन तो भरला. त्यांच्या हिशेबाने १९९७ नंतरच्या काळातील जागतिक तापमानवाढीचा दर आधीच्या आकड्याच्या सुमारे अडीच पट आला. तापमानवाढ थांबली असे तेव्हा सांगितले जात होते. झपाट्याने तापणारा भागच त्या सरासरीत कमी धरला गेला होता. १९७९ पासून आर्क्टिक जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले, असे २०२२ मधील अभ्यासात दिसले.

दक्षिणेकडचे चित्र इतके सरळ नाही. एरिक स्टायग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केंद्रांच्या जुन्या नोंदी आणि उपग्रहीय अवरक्त नोंदी जोडून १९५७ पासूनचा संपूर्ण खंडाचा नकाशा मांडला. त्यात पश्चिम अंटार्क्टिका दर दशकाला ०.१ अंशाहून अधिक तापल्याचे दिसले. रायन ओडॉनेल आणि सहकाऱ्यांनी सांख्यिकी पद्धत बदलून तोच हिशेब केला, तेव्हा अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची वाढ ठळक झाली आणि उरलेल्या पश्चिम भागातली कमी. वादाची दिशा ठरवायला जमिनीवरचीच नोंद कामी आली. पश्चिम अंटार्क्टिकातील बर्ड केंद्राची तुटक मालिका दुरुस्त करून जोडल्यावर १९५८ ते २०१० या काळात तिथे सुमारे २.४ अंश वाढ आढळली (२०१२).

भारताचा सहभाग. इन्सॅट मालिकेचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने त्यांना ध्रुव दिसत नाहीत. ध्रुवांवरून जाणाऱ्या, ७००-८०० किमी. उंचीच्या कक्षांतले उपग्रह दिवसाला सुमारे १४ फेऱ्या करतात आणि प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातात. त्यामुळे नागपूरपेक्षा ध्रुवाजवळच्या जागेचे निरीक्षण दिवसातून अधिक वेळा होते. अंटार्क्टिकातील मैत्री (१९८९) व भारती (२०१२) आणि आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील हिमाद्री (२००८) या केंद्रांचे काम गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. भारती येथे उपग्रहांची माहिती उतरवून घेणारे भूस्थानकही आहे.

विदर्भातील उपयोग. ध्रुवांवर उपग्रहाचा आकडा आणि जमिनीवरची नोंद एकमेकांशी पडताळण्याची जी शिस्त लागली, तीच इथे कामाची आहे. फळपीक विम्यात संत्र्याच्या बागेची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात केंद्र आणि वावर यांत डोंगर असू शकतो. केंद्रही बिघडते : ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो संवेदकातील बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. असा आकडा आजूबाजूची केंद्रे आणि इन्सॅटचे चार किलोमीटर चौकोनाचे भूपृष्ठ-तापमान यांच्याशी लगेच ताडून पाहता येतो. मात्र मेमधल्या उघड्या काळ्या जमिनीसाठी बांधलेले नाते ऑगस्टमध्ये कपाशीने झाकलेल्या वावराला लागू पडत नाही. ते पीक, ऋतू आणि वेळेनुसार वेगळे बांधावे लागते, आणि त्यासाठी गावाच्या शिवारात नीट देखभाल होणारी पेटी असावीच लागते.