डिस्क्रिमिनेशन वाढवलं की खिळे गायब, नाणं हजर?

मेटल डिटेक्टरवाल्यांमधला जुना समज: डिस्क्रिमिनेशन (नको असलेल्या धातूंचे आवाज दाबणारी यंत्रातली सेटिंग) चढवा, लोखंड गप्प होईल, उरेल ते नाणं. प्रत्यक्षात खिळ्यासोबत शेजारचं नाणंही अनेकदा गप्प होतं. कॉइलखाली (डिटेक्टरच्या टोकाच्या, धातू ओळखणाऱ्या चकतीखाली) दोन्ही एकदम आले की यंत्राला एकच मिसळलेला सिग्नल मिळतो. शिवाय खिळा नाकारल्यावर सावरायला त्याला क्षणभर लागतो, आणि नाणं नेमकं त्या क्षणात निसटतं.

पडताळणी सोपी आहे. अमेरिकेत चार खिळे आणि एक ‘इंडियन हेड’ सेंट (तिकडचं जुनं छोटं नाणं) यांची पाटी वापरतात. आपल्याकडे तांब्याचं जुनं नाणं चालेल. लाकडी फळीवर चार गंजके खिळे वेगवेगळ्या कोनांत डिंकाने चिकटवा, मधल्या मोकळ्या जागेत नाणं ठेवा. फळी जमिनीवर ठेवा. लोखंडी पायांच्या टेबलावर ठेवलीत तर चाचणी बाद! चार दिशांनी जाऊन-येऊन आठ वेळा कॉइल फिरवा आणि नाण्याचा आवाज किती वेळा आला ते मोजा. मग डिस्क्रिमिनेशन वाढवून पुन्हा मोजा. आकडा बहुधा घसरतो.

लोखंडी कचरा जास्त असलेल्या जागी 5-6 इंची कॉइल, कमी डिस्क्रिमिनेशन आणि संथ फेरी ठेवा. खिळ्यांची कुरकुर कानाला सहन करावीच लागते.