भीती कुठली आणि भार कुठला

सकाळच्या परिपाठाला सगळे वर्ग रांगेने हॉलमध्ये जातात आणि सातवीतली दोन मुलं दाराशीच अडतात. मुलीच्या पोटात कळ आलेली असते, तळहात ओले असतात. मुलगा चौकटीला पाठ लावून उभा असतो आणि शर्टाची कॉलर चावत असतो. दोघांच्या डायरीत शेरा एकच, ‘परिपाठाला येण्यास नकार’. दोघांच्या पालकांना मी सल्लाही एकच दिला होता. रोज थोडं पुढे न्या, सवय होईल. शाळेत समुपदेशनाचं काम करताना हा सल्ला मी तोवर अनेकदा दिला होता.

मुलीसाठी तो बरोबर ठरला. मुलगा तिसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये खाली बसला, कान दाबून ओरडला आणि नंतर दोन दिवस शाळेतच आला नाही. त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, “ताई, सवय व्हायला हवी होती ना?” त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते इथे नीट मांडते, कारण ही गल्लत कितीतरी घरांत, शाळांत आणि दवाखान्यांतही रोज होते.

मुलीला चिंता होती. तिच्या डोक्यात सकाळी सहापासून एकच चक्र फिरत असे. आज सुविचार सांगायला माझंच नाव घेतलं तर? मी अडखळले तर? सगळे हसले तर? यातलं काहीच घडलेलं नसतं, बहुतेकदा घडणारही नसतं. चिंता पुढच्या क्षणात राहते. मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आजच्या भाषेत न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असलेल्यांपैकी एक. त्याला कोणी हसेल याची पर्वा नव्हती. बऱ्याच दिवसांनी, माझ्याकडे न बघता, त्याने सांगितलं, “माइक चालू करतात ना, त्याच्या आधी एक शिट्टी वाजते. ती दातात जाते.” त्यावर बारा पंखे, तीनशे मुलांच्या घामाचा वास आणि पाठीला घासणारी मागच्याची बॅग. त्याला होणारा त्रास आत्ताचा होता, खरा होता आणि शरीरात होता. मुलीची ती भीती, मुलाचा तो भार.

चिंतेचं काम कसं चालतं ते आधी बघू. मूल दारातून परत फिरलं की त्याला लगेच हायसं वाटतं. मेंदू त्या सुटकेची नोंद घेतो. परत फिरलो म्हणून वाचलो, म्हणजे आत नक्कीच धोका होता. उद्या तेच दार आणखी मोठं वाटतं. म्हणून चिंतेवरच्या उपचारात टाळणं थांबवावं लागतं, पण ढकलून नाही, पायऱ्या पाडून. आधी रिकाम्या हॉलमध्ये एकटीने सुविचार वाचायचा, मग मैत्रिणीसमोर, मग वर्गासमोर, मग माइकवर. प्रत्येक पायरीवर मन अंदाज बांधतं की अनर्थ होणार, आणि अनर्थ होत नाही. हा अनुभव मुलाने स्वतः घ्यावा लागतो, समजावून तो देता येत नाही. या पद्धतीला चांगला आधार आहे. अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 चिंताग्रस्त मुलांवरचा मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत नुसत्या सीबीटीने, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीने, सुमारे 60 टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. थेरपीसोबत सर्ट्रालीन हे औषध दिलं तेव्हा सुमारे 81 टक्के, आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर 24 टक्के. औषधाचं नाव ऐकून घाबरणाऱ्या आईबाबांना मी हे आकडे आवर्जून सांगते.

भाराचं गणित वेगळं. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांना फार तीव्र किंवा फार कमी प्रतिसाद देणं हा स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांमध्ये आला तोच मुळी 2013 मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत. स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी 1943 साली केलं, त्यातही मोठ्या आवाजांनी हादरणारी मुलं आहेतच. म्हणजे मुलं सांगत होती, निकषांत लिहायला सत्तर वर्षं लागली. आणि ‘सवय होईल’ हे गृहीतक इथे का कोसळतं, त्याचंही एक उत्तर मिळालं आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्वमग्न मुलांना मेंदूच्या स्कॅनदरम्यान नकोसे आवाज ऐकवले आणि खरखरीत स्पर्श दिले. ज्या मुलांची संवेदनशीलता फार तीव्र होती, त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डला या, धोक्याची दखल घेणाऱ्या भागाचा प्रतिसाद त्याच त्याच आवाजाला इतरांसारखा उतरत गेला नाही. दहाव्या वेळी ऐकलेली शिट्टीही पहिल्याइतकीच दातात जाऊ शकते. अशा मुलाला रोज एक पाऊल पुढे नेलं, तर ते इतकंच शिकतं की मला दुखतं हे मी सांगून उपयोग नाही.

इथे उपाय आधी खोलीवर करायचा, मग मुलावर. माइकची चाचणी मुलं यायच्या आत उरकायची. बसायची जागा कडेला, दाराजवळ. कानावर आवाज अडवणारे मफ. परिपाठानंतर पाच मिनिटं शांत कोपरा. आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं आणि संवेदना सांभाळायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडून, हे समजून घ्यायचं की या मुलाचं शरीर कशाने शांत होतं, कशाने बिथरतं. कोणाला घट्ट गुंडाळलेली गोधडी लागते, कोणाला झोपाळा.

बाहेरून दोन्ही सारखं दिसत असेल तर ओळखायचं कसं? माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलं ते घड्याळ. चिंतेचं मूल रविवारी संध्याकाळपासून कोमेजतं, सोमवारी सकाळी टोक गाठतं आणि प्रसंग टळला किंवा पार पडला की अर्ध्या तासात खेळायला लागतं. भार सोसणारं मूल सकाळी ठीक असू शकतं. ते दिवसभर सोसतं, शाळेत ‘एकदम शहाणं बाळ’ म्हणवून घेतं आणि साडेपाचला घरात पाऊल टाकल्यावर चपलेच्या बंदावरून फुटतं. शिक्षक म्हणतात, आमच्याकडे तर काहीच त्रास नाही. आजी म्हणते, आईनेच लाडावून ठेवलंय. दोघांनाही खरं तेच दिसलेलं असतं, पण अर्धं. मुलींच्या बाबतीत हे फार होतं. त्या इतरांचं बघून वागणं इतकं बेमालूम उचलतात की वर्षानुवर्षं त्यांच्या फायलीवर फक्त ‘चिंता’ लिहिलेलं राहतं आणि स्वमग्नतेचा विचार कोणी करतच नाही.

दुसरी खूण, खोली बदलून बघा. तोच हॉल, तीच माणसं, फक्त माइक बंद आणि अर्धे पंखे बंद. मूल आत आलं तर भाराकडे बोट आहे. सगळं शांत असूनही ‘पण मला विचारलं तर?’ हे उरलं, तर भीतीकडे.

आता ज्या जागी पालक सगळ्यात जास्त गोंधळतात तिथे येऊ. चिंतेच्या थेरपीत सांगतात, मुलाच्या भीतीला घराने सांभाळून घेऊ नका. त्याच्या वतीने फोन करू नका, दर दहा मिनिटांनी ‘काही नाही होणार’ म्हणू नका. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी उभी केलेली स्पेस ही पद्धत तर पूर्णपणे यावरच आहे. तिच्या अभ्यासात 124 मुलं होती. निम्म्या मुलांना सीबीटी दिली, उरलेल्यांच्या बाबतीत थेरपिस्ट फक्त आईवडिलांना भेटले, मुलाला नाहीच. दोन्हीकडे मुलांची सुधारणा जवळपास सारखी झाली. दुसरीकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की दिव्यांग मुलाला शाळेने वाजवी सोय करून दिलीच पाहिजे, आणि त्या कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. सांभाळून घेणं आणि सोय करणं, इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच, ॲकोमोडेशन. एक थेरपिस्ट म्हणते कमी करा, दुसरी म्हणते वाढवा, आणि आई मधल्या मध्ये अपराधी होते. मी तिला विचारते, ही मुभा मिळाल्यावर तुमचं मूल कुठे पोचतं? कानाला मफ लावून ते परिपाठात बसत असेल तर ती सोय आहे, चष्म्यासारखी. परिपाठच सुटत असेल आणि पुढच्या महिन्यात गॅदरिंग, मग वर्गही सुटत असेल, तर ती भीतीला दिलेली मुभा आहे.

अर्थात ही दोन्ही वेगवेगळ्या घरांत राहतात असं नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की सुमारे 40 टक्के स्वमग्न मुलांना चिंतेचा विकारही असतो. कुकरचं बघा. मूल शिट्टी व्हायच्या आधीच स्वयंपाकघरातून पळतं. शिट्टी खरंच टोचते, तो भार. पण कधी होईल हे माहीत नाही म्हणून ते वरणभाताच्या वासानेही कावरंबावरं होतं, ती भीती. अशा मुलासाठी आधी भार उतरवावा आणि मग उरलेल्या भीतीच्या पायऱ्या पाडाव्यात, असं माझं ठाम मत आहे. उलट क्रमाने मी एकदा केलंय. थेरपीही त्याच्या पद्धतीची लागते. लांबलचक गप्पांऐवजी चित्रं, तक्ते, त्याच्या आवडत्या विषयातली उदाहरणं. त्याला रेल्वेची वेळापत्रकं आवडत असतील तर भीतीच्या पायऱ्यांना स्टेशनांची नावं. 2020 साली 167 स्वमग्न, चिंताग्रस्त मुलांवरच्या अभ्यासात अशी बदललेली सीबीटी नेहमीच्या सीबीटीपेक्षा सरस ठरली. नेहमीचीही निरुपयोगी नव्हती, हेही सांगायला हवं.

कुठे जायचं? मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र आणि ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, ही जुनी, जाणती नावं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारी सरकारी डीईआयसी केंद्रं आहेत, 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जाताना आठवडाभराची एक वही न्या. त्रास किती वाजता सुरू झाला, त्याआधी काय होतं, किती वेळाने ओसरला. पहिल्या भेटीत याहून कामाचं दुसरं काही नसतं.

त्या मुलीने जानेवारीत माइकवर सुविचार सांगितला, कागद हातात घट्ट धरून. मुलाला आम्ही माइकचं बटण दिलं. शिट्टी केव्हा येणार ते आता त्याच्या हातात असतं, आणि तो आवाज आधी पूर्ण खाली घेतो, त्यामुळे बहुतेकदा ती येतच नाही. महिन्यातून दोनतीन दिवस तो अजूनही मफ लावून व्हरांड्यात थांबतो. त्या दिवशीही हजेरीत त्याला हजर धरतात.