गेट बांधण्यापूर्वी आखणी : पुणे विद्यापीठाच्या आसपास वाहनतळ सुरू करू इच्छिणाऱ्या जागामालकांसाठी माहितीपत्रक

गणेशखिंड, औंध, खडकी आणि पाषाण या भागांतील जागामालक वाहनतळाच्या आखणीसाठी आणि कामासाठी आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न जवळपास नेहमी एकच असतो, तो म्हणजे आपल्या जागेत किती गाड्या बसतील. प्रश्न योग्यच आहे. अडचण अशी की तो आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बहुतेकांनी कंपाउंडची भिंत बांधलेली असते, गेट बसवलेले असते आणि पुष्कळदा आत कोबाही झालेला असतो. त्यानंतर गाड्या किती बसतील हे जागेपेक्षा त्या गेटवरच अधिक ठरते. हे पत्रक मुख्यतः या एका गोष्टीसाठी काढले आहे. इतर नेहमीच्या प्रश्नांची उत्तरेही ओघात दिली आहेत.

क्षेत्रफळाला भागाकार करून गाड्या मोजू नयेत

उदाहरणासाठी दहा गुंठ्यांचा, दर्शनी बाजू २२ मीटर आणि खोली ४६ मीटर असलेला आयताकृती प्लॉट घेऊ. त्याचे क्षेत्रफळ १,०१२ चौरस मीटर भरते. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या एका जागेचे माप २.५ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर असे आहे. जागामालक १,०१२ ला साडेबाराने भागतात, उत्तर ८० येते, आणि ऐंशी मोटारींच्या मासिक पासाचे उत्पन्न कागदावर मांडून ते ठेकेदाराला बोलावतात.

त्या ऐंशी मोटारी मापाने तिथे बसतही नाहीत, आणि बसल्या असे धरले तरी आतली एकही बाहेर काढता येणार नाही. काटकोनात लावलेली मोटार सरळ मागे घेऊन वळवायची असेल तर तिच्यासमोर सहा मीटर मोकळी वाट लागते. म्हणजे समोरासमोरच्या दोन रांगा आणि मधली वाट मिळून पाच अधिक सहा अधिक पाच, अशी सोळा मीटर रुंदी मोटारींना द्यावी लागते. ४६ मीटर लांबीत एका रांगेत अठरा जागा निघतात, म्हणजे दोन रांगांत छत्तीस. त्यांपैकी पुढच्या बाजूला दोन्ही रांगांतील दोन-दोन जागा सोडाव्या लागतात, कारण पावती घेण्यासाठी थांबलेली मोटार पूर्णपणे आत उभी राहिली पाहिजे. तिचा मागचा भाग रस्त्यावर राहिला तर मागे लागलेल्या रांगेचा त्रास वाहतूक पोलिसांना होतो आणि त्यांची तक्रार तुमच्याकडे येते. अगदी शेवटी दोन्ही रांगांतील एकेक जागा वळण घेण्यासाठी मोकळी ठेवावी लागते, कारण पुढे भिंत आहे. हाती उरतात त्या तीस मोटारी.

ऐंशीच्या तीस झाल्या हे ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो, ते आम्ही समजू शकतो. परंतु २२ मीटरमधून १६ गेले तरी सहा मीटरची एक पट्टी अजून शिल्लक आहे, आणि विद्यापीठाजवळच्या वाहनतळाचा खरा धंदा त्या पट्टीत आहे. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर जागा लागते. दोन मीटर रांग, दोन मीटर वाट, दोन मीटर रांग, अशी आखणी केली तर सहा मीटर बरोबर पुरतात आणि ४६ मीटर लांबीत, येण्याजाण्याची जागा सोडूनही, ८० ते ८५ दुचाकी बसतात.

तीन मीटरची चूक

आता गेटकडे येऊ. गवंडी असो वा ठेकेदार, त्याला विशेष काही सांगितले नाही तर तो गेट दर्शनी बाजूच्या बरोबर मध्ये घेतो, कारण ते दिसायला चांगले दिसते. वरच्या प्लॉटमध्ये सहा मीटरचे गेट मध्यावर घेतले तर ते डावीकडून आठव्या मीटरपासून चौदाव्या मीटरपर्यंत येते. मोटारींची वाट गेटच्या सरळ रेषेत ठेवावी लागते. मग डावी रांग तीन ते आठ मीटर आणि उजवी रांग चौदा ते एकोणीस मीटर अशी बसते आणि दोन्ही भिंतींलगत तीन-तीन मीटरच्या पट्ट्या उरतात. तीन मीटरमध्ये दुचाकींची एक रांग लावली तर तिच्यासमोर एकच मीटर वाट राहते. तेवढ्या वाटेत स्कूटर वळवता येत नाही, आणि प्रयत्न केलाच तर समोर उभ्या असलेल्या मोटारीच्या पाठीवर ओरखडा उठतो.

हेच गेट तीन मीटर डावीकडे, म्हणजे पाचव्या ते अकराव्या मीटरपर्यंत घेतले असते आणि दुचाकींसाठी अठराव्या ते विसाव्या मीटरमध्ये दोन मीटरचे वेगळे प्रवेशद्वार ठेवले असते, तर वर सांगितलेली सगळी आखणी जशीच्या तशी बसली असती. गेटची जागा तीन मीटरने चुकल्यामुळे ऐंशीहून अधिक दुचाकी हातच्या जातात. आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या कामांत हीच चूक सर्वाधिक आढळते आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ जातो, कारण गेट हलवायचे म्हणजे खांब फोडणे, पावसाळी गटारावरचा स्लॅब नव्या जागी घेणे, पदपथाचा उतार बदलणे आणि त्यासाठी महापालिकेची परवानगी पुन्हा मागणे हे सारे ओघाने आले. नवे काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला अठ्ठावीस दिवस लागतात, ते वेगळेच. जूनमध्ये हे काम काढले तर प्रवेशाचा हंगाम हातातून जातो.

म्हणून आमची विनंती आहे की गेट, भिंत आणि कोबा यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी आखणी करून घ्यावी. ती आमच्याकडूनच घ्यावी असे नाही, पण आधी घ्यावी. गेटची जागा ठरवताना विकास आराखड्यातील रस्तारुंदीची रेषाही तपासावी. विद्यापीठ चौकातील जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडल्यापासून मेट्रो आणि नव्या पुलाच्या कामामुळे या भागातील रस्त्यांच्या कडा कशा सरकल्या, हे इथल्या रहिवाशांना सांगायला नको. आज बांधलेले गेट उद्या रुंदीकरणात जाणार असेल तर ते आजच मागे घेतलेले बरे.

विद्यापीठाजवळ म्हणजे कोणत्या बाजूला

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे. त्यामुळे आपली जागा विद्यापीठाच्या भिंतीला लागून आहे एवढ्यावरून ग्राहक येतील असे समजू नये. गाडी लावणारा माणूस प्रवेशद्वारापासूनचे अंतर पाहतो, आणि आमच्या मते पायी पाच-सात मिनिटांपलीकडे तो रोज चालत नाही. चौकातील मुख्य प्रवेशद्वाराजवळचे ग्राहक वेगळे आणि खडकीच्या बाजूचे वेगळे, हेही लक्षात घ्यावे.

परिसराच्या आत वाहने लावण्याची सोय आहेच, मग बाहेर पैसे देऊन कोण लावेल, अशी शंका रास्त आहे. दिवसा येतात ते प्रमाणपत्रे, गुणपत्रिका आणि परीक्षांच्या कामासाठी बाहेरगावाहून आलेले लोक, प्रवेश परीक्षांच्या दिवशी मुलांसोबत आलेले पालक आणि आसपासच्या कार्यालयांतील कर्मचारी. रात्री येणारा ग्राहक मात्र अधिक भरवशाचा असतो. औंध आणि खडकी भागात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या मुलामुलींच्या दुचाकी अनेक सोसायट्या आत लावू देत नाहीत. त्यांना रात्रीसाठी सुरक्षित, उजेडाची आणि रखवालदार असलेली जागा हवी असते आणि त्यासाठी ते दरमहा पैसे देतात. एकाच जागेवर दिवसा एक आणि रात्री दुसरी दुचाकी उभी राहिली तर त्या जागेचे उत्पन्न दोनदा मिळते. त्यासाठी सकाळी रात्रपासाची गाडी कधी निघाली पाहिजे, याची वेळ पासावर छापलेली असावी.

पास महिन्याचा ठेवावा की सत्राचा, असेही विचारले जाते. आमचा सल्ला सत्राचा. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळा या दिवसांत मासिक पासधारक पैसे भरत नाहीत, पण परत आल्यावर जागा तीच मागतात. सत्राचे शुल्क आधी घेऊन थोडी सवलत दिली तर दोन्ही बाजूंचा प्रश्न मिटतो. जागा स्वतःची नसून भाड्याने घेतलेली असेल तर मे महिन्याचे भाडे कुठून भरायचे याची तजवीज डिसेंबरातच करून ठेवावी.

जमीन

पहिल्या वर्षी कोबा करू नये, असे आम्ही सुचवतो तेव्हा ग्राहकांना आश्चर्य वाटते. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून जागा दाबून घेतली आणि पाण्याला उतार दिला तर एक सत्र निभावते. त्या सत्रात गाड्या खरोखर कशा येतात, कुठे अडतात हे दिसते, आणि मग पक्के काम त्याप्रमाणे करता येते. पक्के करताना मोटारींच्या वाहनतळाला ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक पुरतात. अधिक जाडीचे ब्लॉक घ्या असा आग्रह कोणी केला, तर आपल्या जागेत ट्रक येणार आहेत का, एवढेच त्याला विचारावे.

दुचाकींच्या पट्टीत डांबर टाळावे. एप्रिल-मे महिन्यांत डांबर मऊ होते, साइड स्टँडचे टोक त्यात रुतते आणि गाडी पडते. एक पडली की रांगेतल्या पुढच्या चार तिच्यासोबत जातात. उताराची दिशाही महत्त्वाची आहे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते. जमीन उजवीकडे उतरती असेल तर ती सरळ होऊन वाऱ्याने किंवा धक्क्याने उजव्या अंगावर पडते, आणि डावीकडे फार उतरती असेल तर स्टँडवर जास्त भार येतो. म्हणून पाण्याचा उतार गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि शंभराला एक इतकाच द्यावा. प्लॉटमध्ये झाडे असतील तर ती आखणीत सामावून घ्यावीत. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, आणि सावलीतली जागा ग्राहक आधी मागतात.

कागदपत्रे आणि जबाबदारी

जागा अकृषिक आहे आणि तिच्या व्यावसायिक वापराला हरकत नाही, याची खात्री महापालिकेकडून लेखी करून घ्यावी. पाच-सात माणसे कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरेसे असते. वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. रस्त्यावरून दिसेल असा फलक लावायचा असेल तर आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे अर्ज करावा. सोसायटीच्या मंजूर नकाशातील पार्किंगची जागा बाहेरच्यांना भाड्याने देण्याचा विचार असेल, तर आधी वकिलाला विचारावे. अशी कामे आम्ही घेत नाही.

"वाहनाची जबाबदारी मालकाची" हा फलक बनवून द्या, अशी मागणी प्रत्येक ग्राहक करतो. आम्ही तो देतो, पण त्यावर विसंबू नये हे आवर्जून सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने वाजवी काळजी घ्यावी लागते. दिल्लीतील एका हॉटेलातून ग्राहकाची मोटार चोरीला गेली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असे ठरवले की, चावी घेऊन गाडी ताब्यात घेतल्यानंतर हॉटेलला केवळ पावतीवरील अशा वाक्याच्या आधारे आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही. म्हणून चाव्या घेऊ नयेत, पावतीवर गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहावी, पावती पाहिल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये आणि गेटवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचता येईल इतक्या उंचीवर लावावा.

आमची पद्धत

फोनवर क्षेत्रफळ सांगून दर विचारणाऱ्यांना आम्ही दर सांगत नाही, आणि याबद्दल काहींची नाराजी असते. वरचे उदाहरण वाचल्यावर त्याचे कारण लक्षात येईल. एकाच क्षेत्रफळाच्या दोन जागांत दर्शनी रुंदी, गेट आणि झाडे यांप्रमाणे काम निम्मे किंवा दुप्पट होते, आणि न पाहता सांगितलेला दर पुढे कुणाला तरी सोसावा लागतो.

आम्ही प्रथम जागा मोजतो आणि त्याच दिवशी जमिनीवर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, पूर्ण आखणी करतो. मग तुमच्या घरची मोटार आणि दोन-तीन दुचाकी आणून प्रत्येक वळण प्रत्यक्ष घेऊन पाहतो. मोटार चालवायला घरातला सर्वांत सराईत माणूस आणू नये, नवशिक्या आणावा, कारण उद्याचे ग्राहक तसेच असतील. एखादी रेषा अडली तर फक्की पुसून दुसरी मारायला काही मिनिटे लागतात. या भेटीचे शुल्क आम्ही घेतो, काम आमच्याकडे दिल्यास ते बिलातून वजा करतो आणि न दिल्यास मापांसह नकाशा तुमच्याकडेच राहतो. तो दाखवून कोणत्याही ठेकेदाराकडून काम करून घ्यायला आमची हरकत नाही.

भेटीच्या दिवशी सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा हाताशी ठेवावा, आणि जागेवरचा राडारोडा व वाढलेले गवत आदल्या दिवशी काढून घ्यावे, कारण गवतावर फक्की दिसत नाही. जूनमध्ये सुरुवात करायची असेल तर मार्च संपण्यापूर्वी कळवावे. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे रंगाच्या पट्ट्यांची आणि बूम बॅरियर बसवण्याची कामे आधीच ठरलेली असतात, आणि पहिला पाऊस पडल्यावर मुरमावर रोलर चालत नाही.