शेतातला स्फुरद, सरोवरातलं शेवाळ

2 ऑगस्ट 2014. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात आदेश निघाला: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. उकळल्यावर पाणी आटतं, विष मात्र उरतं. चार लाखांहून जास्त लोकांनी जवळपास तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर काढले. शहराला पाणी पुरवणाऱ्या ईरी सरोवरात विष सोडणारं नील-हरित शेवाळ माजलं होतं.

या शेवाळाचं खाद्य म्हणजे स्फुरद, अर्थात फॉस्फरस. 1970च्या दशकात डिटर्जंट आणि सांडपाण्यातल्या स्फुरदाला लगाम घातला, तेव्हा सरोवर सुधारलं होतं. आता तो मुख्यतः सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून, म्हणजे तिच्या पाणलोटातल्या हजारो शेतांतून येतो. आधी कुठल्या शेताकडे बघायचं?

अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी घडवलेलं ‘स्वॉट’ हे संगणकी मॉडेल इथे कामी येतं. ते पाणलोटाचे उपपाणलोट पाडतं आणि त्यांचे पुन्हा तुकडे करतं: एका तुकड्यात माती एकच, पीक एकच, उतार सारखा. मग रोजचा हिशोब सुरू होतो. पाऊस किती पडला, किती मुरला, खत कधी टाकलं, त्यातलं किती वाहून गेलं. मॉमीच्या सपाट, चिकण रानात निचऱ्यासाठी शेताखाली पाइप पुरलेले आहेत. विरघळलेला स्फुरद त्यांतून थेट ओढ्यात उतरतो आणि स्फुरद अडवायला काठावर ठेवलेली गवताची पट्टी वरच्या वर राहते. हा चोरवाटेचा हिशोब मॉडेलमध्ये नसेल, तर उत्तर चुकलंच म्हणायचं. नदीतून येणाऱ्या स्फुरदाचा हा आकडा पुढे सरोवराच्या मॉडेलला देतात. तिथे ऊन, वारा आणि प्रवाह मिळून शेवाळ किती फोफावेल ते ठरतं.

2016मध्ये अमेरिका आणि कॅनडाने 2008च्या तुलनेत स्फुरद 40 टक्के घटवायचं ठरवलं. ते जमेल का, हे तपासायला वेगवेगळ्या संशोधक गटांनी आपापली स्वॉट मॉडेलं चालवून पाहिली. आकडे जुळले नाहीत. मला तरी हे एकाच छातीठोक आकड्यापेक्षा बरं वाटतं, कारण एका गोष्टीवर सगळ्यांचा कल सारखा निघाला: इकडे थोडं, तिकडे थोडं करून भागणार नाही. खत फोकून न देता मातीत पेरायचं, हंगामानंतर आच्छादन पीक घ्यायचं, आणि तेही जिथून स्फुरद जास्त सुटतो तिथे आधी.

टोलेडो ज्या राज्यात आहे त्या ओहायोने 2019मध्ये अशा कामांसाठी शेतकऱ्यांना पैसे द्यायची योजना जाहीर केली. पण मातीत आधीच साठलेला स्फुरद, खत कमी केलं तरी, वर्षानुवर्षं झिरपत राहतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात शेवाळाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आधी बघतात ते मार्च ते जुलैमध्ये मॉमीने किती स्फुरद वाहून आणला.