चहा सांडला? 'चालतोय का' बघू नका

कीबोर्डची बटणं चिकटतात म्हणून आमच्याकडे लॅपटॉप आला की आम्ही आधी विचारतो, काही सांडलं होतं का? ठरलेलं उत्तर येतं, "छे हो, आपोआपच झालं." उघडल्यावर आत साखरेचा पाक. लाजू नका, खरं सांगितलंत तर आमचा तासभर वाचतो.

सांडण्यापेक्षा जास्त नुकसान पुढच्या पाच मिनिटांत होतं. वरवर पुसून लोक लॅपटॉप सुरू करून बघतात. तो चालतोही! मग एक बटण दाबलं की दोन अक्षरं उमटायला लागली, की आठवड्याने आमच्याकडे. आतल्या ओल्या सर्किट बोर्डातून करंट गेला की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात, मग नुसता कीबोर्ड बदलून भागत नाही. म्हणून सांडल्याबरोबर चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, लॅपटॉप उघडाच पालथा घाला आणि घेऊन या. हेअर ड्रायर नको. तांदळाचा डबा तर नकोच. तांदूळ साखर शोषत नाही, दाणे मात्र पोर्टमध्ये अडकतात.

काही वेळा बिघाड नसतोच. यू, आय, ओ दाबल्यावर 4, 5, 6 येत असतील तर नम लॉक सुरू आहे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबली गेली तर फिल्टर कीज (झटकन किंवा पुन्हा पुन्हा दाबलेली बटणं न मोजणारी सोय) सुरू करायचं विचारलं जातं. न वाचता 'हो' म्हटलंत की बटणं मेल्यासारखी वागतात. साधा यूएसबी कीबोर्ड लावून बघा. त्यावरही तोच त्रास असेल तर बहुतेक सेटिंगच. हे आम्ही फोनवर सांगतो, पैसे घेत नाही.

"एकच बटण गेलंय, अख्खा कीबोर्ड कशाला?" वरची टोपी किंवा क्लिप तुटली असेल आणि जोड मिळाला तर तेवढंच बसवतो. (स्क्रू ड्रायव्हरने टोपी उचकटू नका, क्लिप त्यानेच तुटते.) पण बटणांखाली सर्किटचा एकच अखंड पडदा असतो, तो खराब झाला की तुकडा मिळत नाही. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलला रिव्हेटने पक्का असतो. बॅटरी, मदरबोर्ड सगळं काढावं लागतं. मजुरी त्याची आहे. काढलेला जुना कीबोर्ड तुम्हाला परत देतो, तपासणीचे पैसे बिलातून वजा करतो.

डेस्कटॉपचा साधा कीबोर्ड मात्र दुरुस्तीला आणू नका, नवाच स्वस्त पडतो. दुकानात आहेत, टाइप करून बघा आणि मग घ्या.

लॅपटॉप आणताना चार्जरही आणा.